सनद डेन्मार्कची, पदवी कलकत्त्याची : सेरामपूर कॉलेजचे प्रकरण

कोल्हापुरात महाविद्यालयांच्या स्वायत्ततेविषयी बोलणे निघाले, की ते थोड्याच वेळात एका तक्रारीपाशी येऊन पोहोचते. अभ्यासक्रम आम्ही ठरवायचा, प्रश्नपत्रिका आम्ही काढायच्या, उत्तरपत्रिका आम्ही तपासायच्या, निकालही आम्हीच लावायचा, आणि एवढे सगळे झाल्यावर पदवी मात्र शिवाजी विद्यापीठाची. शिक्षक हे हसत म्हणतात, संस्थाचालक जरा गंभीरपणे म्हणतात. पण दोघांच्याही मनातला हिशेब एकच असतो, की पदवी देण्याचा अधिकार तेवढा हाती आला तर महाविद्यालयाचे विद्यापीठ व्हायला फारसा वेळ लागणार नाही. हा हिशेब कितपत बरोबर आहे हे पाहण्यासाठी बंगालमधील सेरामपूर कॉलेजचे प्रकरण उपयोगी पडते, कारण तिथे नेमकी उलटी स्थिती होती. त्या छोट्या मिशनरी महाविद्यालयाला पदवी देण्याचा अधिकार १८२७ मध्येच मिळाला होता. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे त्यानंतर तीस वर्षांनी निघाली. तरीही १८५७ मध्ये कलकत्ता विद्यापीठ स्थापन होताच हे महाविद्यालय त्याला संलग्न झाले, आणि स्वतःच्या सनदेखाली अभ्यास पूर्ण करणाऱ्यांना पहिल्या पदव्या त्याने दिल्या त्या १९१५ मध्ये. अधिकार मिळणे आणि तो वापरला जाणे यांत अठ्ठ्याऐंशी वर्षांचे अंतर का पडले, हा या प्रकरणाचा विषय आहे.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. बंगाली लोक या गावाला श्रीरामपूरच म्हणतात, पण नगर जिल्ह्यातल्या उसाच्या आणि साखर कारखान्यांच्या श्रीरामपूरशी त्याचा काही संबंध नाही. हे गाव हुगळीच्या पश्चिम काठावर, कलकत्त्याच्या उत्तरेला, बराकपूरच्या समोर वसलेले आहे.

डेन्मार्कच्या हद्दीत

ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. धर्मप्रसारामुळे लोक बिथरतील आणि व्यापाराला धोका पोहोचेल, अशी तिची धारणा होती. सेरामपूर मात्र डेन्मार्कच्या ताब्यात होते. डॅनिश लोक त्याला फ्रेडरिक्सनगर म्हणत. म्हणून १७९९ मध्ये इंग्लंडहून आलेले जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी थेट तिथे उतरले, आणि १७९३ पासून बंगालमध्ये असलेला विल्यम केरी जानेवारी १८०० मध्ये त्यांना येऊन मिळाला. केरी मुळात चांभारकाम करणारा, मार्शमन शाळामास्तर आणि वॉर्ड छापखान्यातला माणूस. तिघांपैकी कोणाकडेही विद्यापीठात शिकून मिळवलेली पदवी नव्हती, ही गोष्ट पुढच्या हकिकतीत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

यांचा संसार सामाईक होता. केरीला कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात देशी भाषा शिकवण्याची नोकरी मिळाली, मार्शमन पती-पत्नींनी निवासी शाळा चालवल्या, वॉर्डने छापखाना सांभाळला, आणि तिन्हीकडचा पैसा एकाच थैलीत जमा होऊ लागला. केरीचा पगार आरंभी महिना पाचशे रुपये होता व पुढे तो हजारावर गेला; त्यातला स्वतःपुरता थोडासा भाग ठेवून बाकीचे मिशनकडे जात असे. म्हणजे सेरामपूरचे मिशन लंडनच्या देणग्यांवर जेवढे चालले, त्याहून कितीतरी अधिक ते या माणसांच्या स्वतःच्या कमाईवर चालले. पुढे मालकीवरून झालेल्या भांडणाचे मूळ इथेच आहे.

मराठी वाचकाला या छापखान्याची आठवण वेगळ्या कारणाने असायला हवी. फोर्ट विल्यम कॉलेजात केरी मराठीही शिकवत असे, आणि त्या गरजेतून त्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण व १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश सेरामपूरलाच छापला. या कामात त्याला नागपूरकडचे पंडित वैजनाथशास्त्री यांची मदत होती. कोशातले मराठी शब्द मोडीत आहेत. मराठी मुद्रणाचा इतिहास मुंबईपासून सुरू होतो असे आपण सवयीने धरून चालतो, पण कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात ज्या लिपीचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवले आहेत, त्या लिपीचे खिळे हुगळीच्या काठावर पाडले गेले होते. सिंहासन बत्तिशी आणि हितोपदेश यांच्या मराठी आवृत्त्याही १८१४-१५ च्या सुमारास तिथूनच निघाल्या.

१८१८ चा आराखडा

जुलै १८१८ मध्ये तिघांनी महाविद्यालयाचे माहितीपत्रक प्रसिद्ध केले. आशियातील ख्रिस्ती व इतर तरुणांना पौर्वात्य वाङ्मय आणि युरोपीय विज्ञान शिकवणे हा त्याचा उद्देश. त्याच वर्षी सेरामपूरहून ‘समाचार दर्पण’ हे बंगाली वृत्तपत्रही निघाले, तेव्हा हा काळ त्यांच्या उमेदीचा होता असे म्हणता येईल. पहिल्या तुकडीत सदतीस विद्यार्थी होते. त्यांतले एकोणीस ख्रिस्ती आणि उरलेले बहुतेक हिंदू.

या आराखड्यातल्या दोन गोष्टी त्या काळाच्या मानाने असामान्य होत्या. पहिली भाषेची. संस्कृत हा पाया, शिकवण्याचे माध्यम शक्यतो देशी भाषा, आणि इंग्रजी ही निवडक विद्यार्थ्यांसाठी. रसायनशास्त्र शिकवायला जॉन मॅक हा स्कॉटिश अध्यापक आणला गेला, आणि त्याने रसायनशास्त्राचे पुस्तक इंग्रजीबरोबर बंगालीतही तयार केले. दुसरी गोष्ट सदसद्विवेकाची. जे कृत्य विद्यार्थ्याला स्वतःला पापमय वाटते ते करण्याची सक्ती त्याच्यावर होणार नाही, ही हमी ख्रिस्तेतर विद्यार्थ्यांना दिली गेली. त्यांनी गावात आपापल्या रीतीने राहावे, जेवावे आणि शिकायला यावे अशी मुभा होती. कोण कोणाच्या पंक्तीला बसतो हा प्रश्न किती टोकदार असतो हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची वसतिगृहे उभी केली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह काढले, ते याच अडचणीतून वाट काढण्यासाठी. सेरामपूरने उत्तर वेगळे शोधले, पण अडचण नीट ओळखली होती, एवढे श्रेय त्यांना द्यायला हरकत नाही.

सनदेत काय होते

सनद का हवी होती याचे एकच कारण नव्हते. वॉर्ड १८२३ मध्ये पटकीने वारला. लंडनच्या बाप्टिस्ट मिशनरी सोसायटीशी आणि कलकत्त्यातल्या तरुण मिशनऱ्यांशी सेरामपूरकरांचे मालमत्तेवरून वाजले होते. सोसायटीचे म्हणणे असे, की मिशनची मालमत्ता ही सोसायटीची मालमत्ता. सेरामपूरकरांचे म्हणणे असे, की ती आम्ही आमच्या घामाच्या पैशातून उभी केली आहे, लंडनच्या समितीने तिच्यावर हुकूम चालवू नये. महाविद्यालयाला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व मिळाले तर निदान त्यापुरता वाद मिटेल, हा सनदेमागचा एक व्यावहारिक हेतू होता. पदवीचा अधिकार हा दुसरा. मार्शमन युरोपला गेला, कोपनहेगनला राजाची भेट घेतली, आणि २३ फेब्रुवारी १८२७ रोजी डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने सनद दिली. डॅनिश राजसत्तेखाली त्या वेळी कोपनहेगन आणि कील ही दोन विद्यापीठे होती. त्यांच्या पंक्तीला सेरामपूर जाऊन बसले, असे कौतुकाने सांगितले जाते.

कौतुक खोटे नाही, पण सनदेचा मजकूर सावकाश वाचला तर एक वाक्य नजरेतून सुटत नाही. विद्यार्थ्यांना त्यांच्या प्रावीण्यानुसार पदव्या द्याव्यात, असा अधिकार सनद देते. आणि लगेच पुढे बजावते, की या पदव्या केवळ विद्येतील प्रावीण्याची साक्ष देतील, आमच्या राज्यात त्यांच्यामागे कोणताही दर्जा किंवा विशेष हक्क जोडलेला असणार नाही. म्हणजे पदवी द्या, पण त्या पदवीच्या जोरावर आमच्याकडे कोणी काही मागायला येऊ नये. राजाने सनद देताना हात आखडता घेतला असे म्हणण्यापेक्षा, पदवी देणे आणि पदवीला किंमत देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याच्या कचेरीतल्या कारकुनांना ठाऊक होते, असे म्हणणे अधिक योग्य होईल. सेरामपूरच्या पुढच्या नव्वद वर्षांची अडचण या एका कलमात आधीच लिहून ठेवलेली आहे.

सनदेच्या आधाराने जून १८३३ मध्ये महाविद्यालयाने आपले नियम केले. त्यांत कोणाही माणसाला जात, वर्ण किंवा देश यांवरून प्रवेश नाकारला जाणार नाही असे म्हटले होते. प्रमुखापासून अगदी खालच्या विद्यार्थ्यापर्यंत कोणालाही विवाहित असण्याची आडकाठी नाही, असाही नियम होता. ज्या काळात ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या फेलोंना लग्न केल्यास पद सोडावे लागे, त्या काळातला हा नियम आहे; शिवाय बालविवाहाच्या देशात अविवाहित विद्यार्थी आणायचे कुठून, हा रोकडा विचारही त्यात असावा. प्रमुख आणि कौन्सिलचे, म्हणजे नियामक मंडळाचे, सदस्य मात्र ख्रिस्ताचे देवत्व मानणारे असलेच पाहिजेत, अशी अट होती. दार सर्वांना उघडे आणि किल्ली ख्रिस्ती हातात, अशी ही रचना.

पैसा बुडाला, भाषा बदलली

नियम झाले त्याच्या आगेमागेच आधार सुटू लागले. १८३० मध्ये कलकत्त्याची पामर आणि कंपनी ही पेढी बुडाली आणि पुढच्या तीन-चार वर्षांत तिच्यासारख्या बड्या पेढ्या एकामागोमाग कोसळल्या. सेरामपूरचा पैसा या पेढ्यांत गुंतलेला होता. जून १८३४ मध्ये केरी गेला, डिसेंबर १८३७ मध्ये मार्शमन गेला, १८४५ मध्ये मॅकही गेला. मार्शमनचा मुलगा जॉन क्लार्क मार्शमन याने ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या आपल्या वृत्तपत्राच्या उत्पन्नातून महाविद्यालय कसेबसे तगवून धरले.

पैशापेक्षा मोठा फटका भाषाधोरणाचा होता, असे माझे मत आहे. अलेक्झांडर डफ या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३० मध्ये कलकत्त्यात सरळ इंग्रजी माध्यमाची शाळा काढली आणि तिथे मुलांची रीघ लागली. १८३५ मध्ये सरकारने इंग्रजी शिक्षणाच्या बाजूने निर्णय दिला; १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंग याने सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचे जाहीर केले. यानंतर संस्कृतचा पाया आणि बंगालीतून रसायनशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयाकडे, मग त्याच्या कपाटात राजाची सनद असो की नसो, कलकत्त्याचा बाप आपला मुलगा कशासाठी पाठवील? डफच्या शाळेकडे पदवीचा अधिकार नव्हता. पण तिथून बाहेर पडणाऱ्या मुलाला कचेरीत जागा मिळत होती.

१८४५ मध्ये डेन्मार्कने सेरामपूर, त्रांकेबार आणि बालासोर ही ठाणी साडेबारा लाख रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीला विकून टाकली. विक्रीच्या तहात महाविद्यालयाचे सनदी हक्क अबाधित राहतील असे स्वतंत्र कलम घालून घेण्यात आले. ज्या अधिकाराखाली तोवर पदवीची परंपरा उभी राहिलेली नव्हती, तो अधिकार तहाच्या कागदात जपून ठेवला गेला. असल्या कलमाचा उपयोग काय, असे त्या वेळी कोणी विचारले असते तर उत्तर देणे अवघड गेले असते. उपयोग झाला, पण फार पुढे.

१८५७ चा निर्णय

१८५० च्या दशकाच्या मध्यास धाकट्या मार्शमनने महाविद्यालय बाप्टिस्ट मिशनरी सोसायटीच्या हवाली केले. म्हणजे ज्या सोसायटीपासून मालमत्ता वाचवायची होती, अखेर तिच्याच हाती कारभार गेला. त्यानंतर थोड्याच अवधीत कलकत्ता विद्यापीठ निघाले. तिन्ही नवी विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेली होती: शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची विद्यापीठाने. सेरामपूरपुढे दोन वाटा होत्या. सनद पुढे करून स्वतःची बी.ए. काढायची, किंवा कलकत्त्याची संलग्नता घ्यायची. त्याने संलग्नता घेतली.

हा निर्णय नामुष्कीचा म्हणून सांगण्याची पद्धत आहे. मला तो त्या परिस्थितीत बरोबर वाटतो. कलकत्ता विद्यापीठाची पदवी सरकार ओळखत होते, वकिलीच्या परीक्षेला ती चालत होती, आणि शेकडो मुले एकाच प्रश्नपत्रिकेला बसत असल्यामुळे तिचा भाव सगळ्या बंगालभर एकच होता. सेरामपूरने आपली बी.ए. दिली असती तर ती घेऊन विद्यार्थ्याने ती दाखवायची कोणाला? डेन्मार्कच्या राजाने तिची जबाबदारी आधीच झटकली होती, आणि इंग्रज सरकारने तहान्वये अधिकार मान्य केला तरी नोकरी देताना तिची दखल घेण्याचे त्याच्यावर बंधन नव्हते. मुंबईचे उदाहरण याला पूरक आहे. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये काढलेल्या शाळेतून वाढलेल्या विल्सन कॉलेजला कोणाचीच सनद नव्हती; ते मुंबई विद्यापीठाला संलग्न झाले, भरभराटले, आणि खुद्द विल्सन १८६८ मध्ये त्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

कलकत्त्याच्या संलग्नतेनेही सेरामपूरला फार तारले नाही. १८८३ मध्ये सोसायटीने पदवीचे वर्ग बंद केले आणि महाविद्यालय ख्रिस्ती उपदेशक व शिक्षक तयार करणारी संस्था एवढ्यापुरते उरले. मिशनचा पैसा कलाशाखेच्या शिक्षणावर का खर्चावा, हा लंडनमधला जुना आक्षेप अखेर जिंकला.

हा आक्षेप कोल्हापूरला परका नाही, म्हणून थोडे विषयांतर करतो. अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर १८५२ मध्ये अहमदनगरहून कोल्हापूरला आले, तेव्हा त्यांचा भर शाळांवर होता. त्यानंतर तीनच वर्षांत बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन हिंदुस्थानात येऊन गेले आणि मिशनचा पैसा शाळांवर, विशेषतः इंग्रजी शाळांवर, खर्च होऊ नये, देशी भाषेत उपदेश करावा, असे धोरण त्यांनी पक्के केले. वाइल्डर यांना ते पटले नाही. ते अमेरिकेला परतले, बोर्डाने कोल्हापूरचे काम सोडून दिले, तेव्हा त्यांनी बोर्डाच्या शाळाधोरणावर टीका करणारे पुस्तक १८६१ मध्ये लिहिले आणि त्याच वर्षी स्वतः गोळा केलेल्या पैशांवर पुन्हा कोल्हापूर गाठले. १८७० मध्ये हे मिशन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले. वाइल्डर यांच्या नावाचे चर्च शहरात आजही आहे, मिशनच्या शाळा झाल्या, मिरजेला १८९४ मध्ये डॉ. वॉन्लेस यांचे रुग्णालय उभे राहिले. उच्च शिक्षणाचे महाविद्यालय मात्र मिशनने इथे काढले नाही, आणि १८८० मध्ये राजाराम कॉलेज निघाले ते संस्थानच्या पैशावर, मुंबई विद्यापीठाच्या संलग्नतेने. संस्थानाने तरी स्वतःची पदवी द्यावी असा विचार केला नाही, आणि ते शहाणपणाचेच होते. शिकलेल्या मुलाला ब्रिटिश मुलखात नोकरी लागायची तर पदवी मुंबईचीच हवी होती. अशा पदवीच्या वाटेवर असताना गोपाळ कृष्ण गोखले काही काळ राजाराम कॉलेजात शिकले.

तीन पदवीधर

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जॉर्ज हॉवेल्स हे वेल्श मिशनरी सेरामपूरचे प्राचार्य झाले आणि त्यांनी ती सनद पुन्हा बाहेर काढली. त्यांचे मूळ स्वप्न मोठे होते: सेरामपूर हे सबंध हिंदुस्थानचे ख्रिस्ती विद्यापीठ व्हावे. ते झाले नाही. त्यांनी जे साधले ते लहान होते, आणि ते लहान असल्यामुळेच टिकले, असे या प्रकरणाचा अभ्यास करताना माझ्या लक्षात आले.

१८५७ च्या विद्यापीठांनी धर्मापासून जाणीवपूर्वक अंतर ठेवले होते. कला, कायदा, वैद्यक, अभियांत्रिकी या विषयांच्या पदव्या त्यांच्याकडे होत्या. ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाची (थिऑलॉजीची) नव्हती, आणि ती देण्याचा त्यांचा इरादाही नव्हता. दुसरीकडे, देशभर पसरलेल्या निरनिराळ्या चर्चना शिकलेले भारतीय पाळक, म्हणजे धर्मगुरू, हवे होते, आणि त्यांचे शिक्षण एका मापाने मोजणारी परीक्षा देशात नव्हती. जी जागा कोणाकडेच नव्हती, तिथे सेरामपूरची सनद बरोबर बसली. १९१० मध्ये ईश्वरविज्ञानाचा उच्च अभ्यासक्रम सुरू झाला. दुसऱ्या वर्षी कलाशाखेचे वर्गही कलकत्त्याच्या संलग्नतेने पुन्हा उघडले. १९१५ मध्ये तीन विद्यार्थ्यांना बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) ही ईश्वरविज्ञानाची पदवी दिली गेली. तीनच. आजच्या एखाद्या मूल्यांकन समितीपुढे हा आकडा ठेवण्याचे धाडस कोल्हापुरातला कोणताही विभागप्रमुख करणार नाही.

या पदव्यांना सरकारी नोकरीत मोल नव्हते. तसे ते नकोही होते. ज्यांना पाळक नेमायचे होते त्या चर्चनी ही पदवी मान्य केली की काम भागत होते. पण बाप्टिस्टांनी चालवलेल्या महाविद्यालयाची पदवी मेथडिस्टांनी, अँग्लिकनांनी, प्रेस्बिटेरियनांनी का मानावी, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर १९१८ च्या सेरामपूर कॉलेज कायद्याने दिले. बंगालच्या कायदेमंडळाने केलेल्या या कायद्याने डॅनिश सनदेला पूरक तरतुदी केल्या, कौन्सिलमध्ये इतर चर्चच्या लोकांना जागा दिली, आणि शैक्षणिक कारभारासाठी स्वतंत्र सिनेट निर्माण केली. तिच्यातही अनेक पंथांचे प्रतिनिधी बसू लागले. इतरत्र चाललेल्या ईश्वरविज्ञानाच्या महाविद्यालयांना सेरामपूरशी संलग्न होऊन हीच पदवी आपल्या विद्यार्थ्यांना देण्याचा मार्ग त्यातून मोकळा झाला. जे महाविद्यालय १८५७ मध्ये दुसऱ्याच्या दारात संलग्नतेसाठी उभे होते, ते आता इतरांना संलग्नता देऊ लागले.

या बदलाचा गाभा मला असा दिसतो, की सेरामपूरने आपला अधिकार एकट्याच्या मुठीत ठेवणे सोडून दिले तेव्हा त्या अधिकाराला किंमत आली. केरी-मार्शमन यांच्या काळात सनद ही बाहेरच्यांपासून संरक्षण म्हणून घेतलेली होती: सोसायटीने हात घालू नये, कंपनीने हात घालू नये. तिचा तो उपयोगही मर्यादितच झाला. हॉवेल्स यांच्या काळात तीच सनद बाहेरच्यांना आत घेण्यासाठी वापरली गेली. परीक्षेत ज्यांचा वाटा, त्यांना ती परीक्षा परकी वाटत नाही. अधिसभेत ज्यांचे माणूस बसते, ते तिच्या पदवीला नावे ठेवत नाहीत. आपल्याकडे विद्यापीठाच्या अधिसभेच्या निवडणुकीत केवढी चुरस होते हे पाहिलेल्यांना यात नवल वाटू नये. त्या चुरशीची टिंगल करणारेही आपल्या संस्थेचा उमेदवार उभा करायला विसरत नाहीत.

महाराष्ट्रातून पाहताना

आज सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न महाविद्यालयांची संख्या पन्नासच्या वर आहे आणि ती भारताबाहेरही आहेत. महाराष्ट्रात पुण्याची युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आणि बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी या त्यांतल्या दोन. दुसरी संस्था पूर्वी यवतमाळला होती आणि १९८३ मध्ये पुण्याला आली. जागा बदलली, जिल्हा बदलला, विदर्भातून पश्चिम महाराष्ट्रात आली, पण पदवी सेरामपूरचीच राहिली, त्यामुळे जुन्या आणि नव्या पदवीधरांत भेद करण्याची कोणाला गरज पडली नाही. कोल्हापूर-मिरज भागातल्या एखाद्या पाळकाने आपल्या नावापुढे बी.डी. लावले असेल, तर ती पदवी सेरामपूरच्या सिनेटची असण्याचा संभव बराच आहे.

कोल्हापूरच्या स्वायत्त महाविद्यालयांनी या प्रकरणाकडे पाहताना एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेच्या कायद्याने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. राजाकडून सनद आणण्याची सोय आता कोणाला नाही. पण कायद्याची वाट उद्या मोकळी झाली असे धरले, तरी १८५७ चा प्रश्न शिल्लक राहतो. नवी पदवी घेऊन विद्यार्थी कोणाच्या दारात जाणार, आणि तो दारातला माणूस ती ओळखणार का? शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी सुरू झाले तेव्हा हाच प्रश्न त्याच्यापुढेही होता, कारण त्याआधी इथली महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी जोडलेली होती आणि पुण्याच्या पदवीला नाव होते. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या हाती आरंभी माळरान होते. पण त्या दिवशीच त्यांच्या हाती दुसरेही काही होते: दक्षिण महाराष्ट्रातली अनेक संलग्न महाविद्यालये, आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या शिक्षणसंस्था. सेरामपूरला जे मिळवायला नव्वद वर्षे लागली, ते इथे पहिल्या दिवशी होते.

म्हणून स्वतंत्र विद्यापीठाचा प्रस्ताव मांडणाऱ्या महाविद्यालयाला माझा पहिला प्रश्न इमारत, ग्रंथालय किंवा नॅकच्या श्रेणीविषयी नसेल. शिवाजी विद्यापीठ जे शिकवत नाही, किंवा शिकवू इच्छित नाही, असा कोणता विषय तुमच्याकडे आहे, आणि त्या विषयाची माणसे नेमणारे कोण आहेत, हे मी विचारीन. त्याच्या जोडीला दुसरे विचारीन, की तुमच्या पदवीच्या परीक्षेत तुमच्या संस्थेबाहेरच्या कोणाला खरोखर अधिकाराची जागा द्यायला तुम्ही तयार आहात का. कोल्हापुरात पहिल्या प्रश्नाची उत्तरे सापडतात: ऊस आणि साखर तंत्रज्ञान, गुऱ्हाळ, ओतकाम, चामड्याची कारागिरी, दूधसंघांचा कारभार, मोडी आणि कागदपत्रांचे वाचन. दुसऱ्या प्रश्नाला संस्थाचालकांच्या बैठकीत बहुधा चहा मागवला जातो.

सेरामपूरच्या आवारात आजही दोन व्यवस्था शेजारी शेजारी चालतात. कला, विज्ञान आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना कलकत्ता विद्यापीठाची पदवी मिळते. ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सेरामपूरची. हे अर्धवट राहिलेले काम आहे असे तिथे कोणी मानत नाही.